पैसे आत्ता, फायदा कधीतरी

काही वर्षं मी छोट्या ऑफिसांना डेटा बॅकअपची सेवा विकत होतो. कॉम्प्युटरमधल्या फायलींची रोज रात्री आपोआप एक प्रत दुसरीकडे साठवली जाणार, आणि त्याची वर्षाला ठरावीक फी. या धंद्यात 'नको' हा शब्द मी फार कमी ऐकला. 'नको' म्हणणारं गिऱ्हाईक परवडतं. बॅग उचलायची आणि पुढचं दार गाठायचं. माझ्या वाट्याला यायचं ते 'बघू'.

एका ऑफिसातले अकाउंटंट तर माझ्याआधी माझंच भाषण म्हणून दाखवायचे. "अहो, तुमचं सगळं पटतंय. हार्ड डिस्क आज ना उद्या जाणारच. आमच्या एका ओळखीच्यांची गेली, आठ दिवस डोक्याला हात लावून बसले होते. पण आमचं एवढ्या वर्षांत काही झालेलं नाही ना! हा महिना जाऊ दे, मग बसू निवांत." चार महिने मी त्यांच्याकडे खेटे घातले. चारही महिने त्यांना पटत होतं.

मला वाटायचं, आपलंच सांगणं कुठेतरी कमी पडतंय. मग मी आणखी किस्से, आणखी आकडे, आणखी जाड माहितीपत्रक घेऊन जायचो. पटवण्याचं काम पहिल्याच भेटीत संपलं होतं, हे फार उशिरा लक्षात आलं. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच.

विमा, निवृत्तीसाठीची बचत, वीज वाचवणारी यंत्रं, सुरक्षेची साधनं, आजार होऊ नये म्हणून घ्यायची औषधं, नवं कौशल्य शिकवणारे कोर्स. या सगळ्यांत पैसे आणि कष्ट आज द्यायचे असतात, फळ मात्र मागाहून येतं. अशा वस्तू चांगल्या असूनही विकायला इतक्या जड का जातात आणि ज्यांना त्या विकता आल्या त्यांनी नेमकं काय केलं, ते पाहू.

शंभर की एकशे दहा?

एक साधा प्रश्न. आज 100 रुपये घ्याल की उद्या 110? बरेच जण आजचे 100 घेतात. आता तोच प्रश्न थोडा पुढे ढकलून विचारा: तीस दिवसांनी 100 की एकतीस दिवसांनी 110? आता तीच माणसं म्हणतात, त्यात काय, एक दिवस थांबू की! दोन्हीकडे अंतर एकाच दिवसाचं आहे, वाढ तेवढीच आहे. फरक फक्त एवढा की पहिल्या प्रश्नात 'आत्ता' आहे.

अर्थशास्त्रात याला वर्तमानाकडचा कल म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लेबसन यांनी 1997 मध्ये यावर मांडलेलं गणित आता पाठ्यपुस्तकांत शिकवतात. व्याज धरून हिशेब करणारा माणूस दूरच्या फायद्याची किंमत दर वर्षाला सारख्याच टक्क्यांनी कमी करत जाईल. आपण तसं करत नाही. 'आज' ओलांडून 'उद्या'त गेलं की किंमत एकदम धाडकन खाली येते, आणि नंतर मात्र हळूहळू उतरत जाते. त्यामुळे पुढच्या महिन्याचे आपण फार शहाणे असतो. पुढच्या महिन्यापासून व्यायाम, बचत आणि बॅकअपही. मग तो पुढचा महिना उजाडतो, त्याचा 'आज' होतो, आणि शहाणपण आणखी एक महिना पुढे सरकतं.

अकाउंटंट साहेब खोटं बोलत नव्हते. 'पुढच्या महिन्यात' म्हणताना त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझी स्पर्धा दुसऱ्या बॅकअप कंपनीशी नव्हतीच, ती कॅलेंडरशी होती.

याला निव्वळ मूर्खपणा म्हणणं मला पटत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपली भाषाच सांगते, आणि तिचं काही चुकत नाही. उशिरा मिळणारी गोष्ट बऱ्याचदा मिळतच नाही. कंपनी बुडते, योजना बदलते, यंत्र वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडतं. थांबायला सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक संशयानं बघत असेल तर त्यामागे अनुभव असतो.

शिवाय उशीर हा सगळीकडे एकाच जातीचा नसतो. कमी वीज खाणारं यंत्र घेतलं तर फायदा उशिरा पण नक्की मिळतो, बिलावर आकडा दिसतो. विम्याचा फायदा मिळेल किंवा मिळणारही नाही, आणि मिळू नये अशीच घेणाऱ्याची इच्छा असते. सगळ्यात अवघड तिसरी जात. इथे फायदा म्हणजेच काही न घडणं. लस घेतली आणि आजार झाला नाही. तो लशीमुळे झाला नाही की होणारच नव्हता? त्या एका माणसापुरतं हे कधीच सिद्ध करता येत नाही. एव्हरेट रॉजर्स हे नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा आयुष्यभर अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ. अशा प्रतिबंधक गोष्टी इतरांपेक्षा हळू पसरतात, हे त्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे.

वाफेचं इंजिन आणि कुलूपबंद डबी

ही अडचण आजची नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी भरायचं. ते उपसायला न्यूकोमेन यांचं वाफेचं इंजिन होतं, 1712 पासून चालत आलेलं. काम व्हायचं, पण ते कोळसा भसाभसा खायचं, कारण प्रत्येक फेरीत तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच गार करायचा. जेम्स वॉट यांनी वाफ थंड करण्यासाठी वेगळं भांडं जोडलं आणि 1769 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिलिंडर तापलेलाच राहू लागला आणि कोळशाचा खर्च खूपच खाली आला. कॉर्नवॉलमध्ये कोळसा समुद्रमार्गे बाहेरून आणावा लागायचा, म्हणून तिथे तो महाग. म्हणजे गिऱ्हाईक अगदी योग्य होतं.

तरीही खाणमालकाच्या जागी बसून पाहा. पाणी आत्ताही उपसलं जातंय. समोरचा माणूस म्हणतोय, माझं इंजिन उभारा, पुढची कित्येक वर्षं कोळसा वाचेल. वाचेल हे त्याचं म्हणणं. नाही वाचला तर?

वॉट आणि त्यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी यावर जी तोड काढली, तिचं मला आजही कौतुक वाटतं. इंजिन उभारायचा खर्च खाणमालकानं करायचा, पण या दोघांचा मुख्य मोबदला वाचलेल्या कोळशातून यायचा. तेवढ्याच कामाला जुन्या इंजिननं जितका कोळसा खाल्ला असता आणि नव्यानं जितका खाल्ला, त्यातल्या फरकाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांचा. बाकीचे दोन तृतीयांश मालकाच्या खिशात. बचतच झाली नाही तर देणंही नाही.

मग मोजायचं कसं? इंजिनच्या हलत्या तुळईवर त्यांनी एक मोजणी-यंत्र बसवलं. प्रत्येक फेरीला आकडा एकानं पुढे सरकणार. किती फेऱ्या झाल्या यावरून किती पाणी उपसलं ते कळायचं, आणि तेवढ्या पाण्याला जुन्या इंजिनला किती कोळसा लागला असता ते मांडता यायचं. ते यंत्र डबीत बंद, डबीला कुलूप. खाणीवरच्या कुणी आकड्याशी खेळ करायला नको आणि विकणाऱ्यानं सांगितलेल्या बचतीवर नुसता भरवसा ठेवायची वेळही मालकावर यायला नको.

त्यांनी फायदा लवकर आणला नाही, तो वेळ घेऊनच येत होता. पैसे द्यायची वेळ मात्र त्यांनी फायदा मिळण्याच्या वेळेला नेऊन जोडली. विक्रेता 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणतो तेव्हा जोखीम गिऱ्हाइकाची असते. इथे तिचा मोठा भाग विकणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला. आजही काही कंपन्या कारखान्यांत वीज वाचवणारी यंत्रणा बसवतात आणि होणाऱ्या बचतीतूनच स्वतःचे पैसे वसूल करतात. कल्पना तीच आहे.

गोष्ट इथेच संपली असती तर फार गोड झाली असती. काही वर्षं गेली आणि नवं इंजिन सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. खाणमालकांना वाटायला लागलं, हे दोघं कशाचे पैसे घेतायत? आपलं इंजिन, आपला कोळसा, आपली माणसं. जुनं इंजिन किती खायचं हे आता समोर दिसतच नव्हतं. 1790 च्या दशकात कित्येकांनी पैसे थकवले आणि प्रकरणं कोर्टात गेली. कोर्टानं पेटंट उचलून धरलं, आणि 1800 मध्ये त्याची मुदतच संपली. न आलेल्या खर्चाची आठवण माणूस फार दिवस सांभाळत नाही.

थोडंसं करून बघू द्या

दुसरं उदाहरण शेतीतलं. 1943 मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या संकरित बियाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 259 शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं: हे बियाणं पहिल्यांदा कुठून कळलं, कधी पेरलं, किती पेरलं? 1928 ते 1941 या काळात दोघं सोडून सगळ्यांनी ते स्वीकारलं होतं. म्हणजे उघड उघड जास्त पीक देणारी गोष्ट, आणि तरीही एवढ्याशा शेतकऱ्यांत पसरायला तिनं तेरा वर्षं घेतली.

घरचं बियाणं राखून पेरणाऱ्याला दर वर्षी विकतचं बी घ्यायला लावायचं म्हणजे पेरणीच्या आधी पैसे आणि कापणीला निकाल. मधले महिने हातात काहीच नाही. शेतकऱ्यांनी एक साधा मार्ग काढला. आधी शेताच्या एका तुकड्यावर लावून बघितलं, मग थोडं वाढवलं, मग पूर्ण शेत. बियाण्याची माहिती बहुतेकांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचा निर्णय झाला तो शेजाऱ्यामुळे. हे वाचून विक्रेत्यांनी मान खाली घालायचं कारण नाही. शेजाऱ्याकडे बियाणं कुणीतरी पोचवलंच होतं की. पण शेजाऱ्याचं शेत हा एक प्रकारे आपला पुढच्या वर्षीचा निकाल असतो. आपल्याला अजून यायचा आहे तो फायदा त्याला मिळून चुकलेला असतो, आणि तो बांधावरून दिसतो.

मी जेव्हा ब्रोशर काढणं थांबवलं तेव्हा नेमकं हेच केलं, अर्थात रायन आणि ग्रॉस तेव्हा मला माहीत नव्हते. पाचव्या खेपेला अकाउंटंट साहेबांकडे गेलो, त्यांच्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकलं आणि म्हटलं, "साहेब, तुमची एखादी फाइल पुसून टाका."

"कुठली?"

"कुठलीही. कामाची असली तर जास्त बरं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसाच मागितला. बराच वेळ माऊस या फोल्डरवरून त्या फोल्डरवर फिरत राहिला. शेवटी एक जुनं पगारपत्रक निवडलं, आधी गुपचूप पेन ड्राइव्हवर त्याची कॉपी घेतली (मला दिसलं नाही असं मी दाखवलं) आणि डिलीट दाबलं. मग रिसायकल बिनमधूनही काढलं. मी दोन क्लिक केले, फाइल परत जागेवर. त्यांनी उघडून खालपर्यंत बेरीज तपासली, आणि दुसरी फाइल पुसली. यावेळी पेन ड्राइव्ह टेबलावरच होता.

एरवी ज्या फायद्याला तीन वर्षं लागली असती, किंवा जो कधी आलाच नसता, तो दोन मिनिटांत हाताला लागला. चेक त्याच दिवशी मिळाला असं नाही. पण 'बघू' संपलं.

भीती दाखवून

आमच्या धंद्यातला जुना सल्ला असा की गिऱ्हाइकाला घाबरवा. जळालेल्या ऑफिसचा फोटो दाखवा. याबद्दल एक जुना प्रयोग आहे. 1965 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. काहींची सौम्य होती, काहींची अंगावर काटा आणणारी. भीतीदायक पत्रक वाचलेल्यांनी लस घ्यायचा इरादा जास्त ठामपणे बोलून दाखवला. प्रत्यक्ष लस घेण्यात मात्र भीती कमी की जास्त यानं फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो भलत्याच गोष्टीनं. काही पत्रकांसोबत आरोग्य केंद्र दाखवणारा नकाशा होता आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते ठरवा अशी सूचना होती. ज्यांना हे मिळालं त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्क्यांनी लस घेतली. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात 3 टक्के. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीपासून माहीत होतं, हे लक्षात घ्या.

भीती विरते. 'गुरुवारी तास संपला की तिकडून जायचं' हे टिकतं.

मधल्या काळात काय?

एकदा विकलं की झालं, हा समज अशा वस्तूंच्या बाबतीत महागात पडतो. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या सभासदांची हजेरी तपासली आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याची वर्गणी भरणारे सरासरी इतके कमी वेळा यायचे की दर खेपेला पैसे देऊन आले असते तर स्वस्त पडलं असतं. जिमच्या मालकाला यात नुकसान नाही असं वरवर वाटेल. पण न येणाऱ्याला फायदा होत नाही, आणि फायदा न झालेला माणूस 'मी करून बघितलं, काही उपयोग नाही' असं चारचौघांत सांगत फिरतो.

म्हणून फायदा येईपर्यंत हाताला काहीतरी लागावं लागतं. टूथपेस्टचंच पाहा. दात किडू नयेत म्हणून त्यात फ्लोराइड असतं. ते आपलं काम मुकाट्यानं करतं आणि त्याचा फायदा वर्षानुवर्षांनी कळतो. तोंडाला जाणवतो तो पुदिन्याचा थंडावा आणि फेस. थंडाव्यानं कीड थांबत नाही, पण 'काहीतरी झालं' ही पावती लगेच मिळते, आणि त्या पावतीच्या जोरावर माणूस उद्या पुन्हा ब्रश हातात घेतो.

गाडीचा सीट बेल्ट हा तर अशा वस्तूंचा शिरोमणी. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. तरी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पट्टा लावणारे 15 टक्क्यांच्या आसपासच होते. आज ते 90 टक्क्यांहून जास्त आहेत. त्यात मोठा वाटा कायद्याचा आणि दंडाचा. पण मला गंमत वाटते ती पट्टा न लावल्यावर कर्कशपणे वाजत राहणाऱ्या त्या आवाजाची. अपघातातून वाचणं हा फायदा दूरचा, कदाचित कधीच न येणारा. किरकिर थांबणं हा फायदा मात्र ताबडतोब मिळतो!

आता यातली धोक्याची बाजू. हाताला काहीतरी लागू द्यायची ही कला खऱ्या मालापेक्षा बोगस मालाला जास्त सोपी जाते, कारण त्याला दुसरं काही करायचंच नसतं. चुरचुरणारं मलम, रंग बदलणारी पट्टी, दर आठवड्याला येणारं चकचकीत सर्टिफिकेट. अर्थशास्त्रज्ञ काही वस्तूंना 'भरवशाच्या वस्तू' म्हणतात: वापरून झाल्यावरही ज्यांचा उपयोग झाला की नाही ते गिऱ्हाइकाला स्वतःहून ठरवता येत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये ही वर्गवारी मांडली. अशा बाजारात बोगस माणूस मोठी आश्वासनं देतो आणि प्रामाणिक माणूस 'अंदाजे', 'बहुतेक' म्हणत मागे पडतो. माझी स्वतःची कसोटी साधी आहे. विकणाऱ्याला विचारायचं, हे चालत नसेल तर मला ते कशावरून आणि कधी कळेल? खऱ्या माणसाकडे याचं उत्तर असतं, कधीकधी कुलूपबंद डबीसकट.

खर्चही उद्यावर ढकला

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थशास्त्रज्ञांनी गाठ उलट्या टोकानं सोडवली. माणसाला उद्याचं काही वाटत नाही ना, मग त्याग पण उद्याचाच मागू. त्यांच्या योजनेत कर्मचाऱ्यांनी आज काही भरायचं नव्हतं. पुढे पगारवाढ होईल तेव्हा त्यातला काही भाग निवृत्तीच्या बचतीत जाईल, एवढ्याला आज फक्त हो म्हणायचं. हातात येणारा पगार कधी कमी झालेला दिसत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालात, योजनेत आलेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. लोक तेच होते. पैसे मागायची वेळ तेवढी बदलली होती.

याची उलटी बाजूही मोजलेली आहे. केनियातल्या शाळांमध्ये मुलांना जंताचं औषध फुकट मिळायचं तेव्हा सुमारे 75 टक्के मुलं ते घ्यायची. पालकांकडून छोटीशी फी घ्यायला सुरुवात केल्यावर हे प्रमाण 18 टक्क्यांवर आलं. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा हा अभ्यास 2007 मधला. फी किरकोळच होती. पण ती आज द्यायची होती, आणि मूल दिसायला तर ठणठणीत होतं.

माझ्या गिऱ्हाइकांचं खरं दुखणं वर्षअखेरीला बाहेर यायचं. रिन्यूअलला गेलो की पहिला प्रश्न, "वर्षभरात याचा काय उपयोग झाला?" डिस्क गेली नव्हती, आग लागली नव्हती. खरं उत्तर होतं: काहीच नाही. म्हणून आम्ही दर महिन्याला पाच ओळींची एक ईमेल पाठवायला लागलो. किती फायलींची प्रत झाली, कुणी किती वेळा जुनी फाइल परत आणली, कुठल्या रात्री नेट बंद असल्यानं काम अडलं. त्यात बढाई नव्हती, काही महिन्यांत तर आमचीच चूक लिहिलेली असायची.

दुसऱ्या वर्षी एकदा आमच्याकडे सर्व्हरचं काम निघालं आणि त्या महिन्याच्या ईमेल राहून गेल्या. पाच तारखेला सकाळी साडेनऊला फोन वाजला. अकाउंटंट साहेब होते.

"अहो, या महिन्याचं तुमचं ते पत्र नाही आलं. सगळं ठीक आहे ना तिकडे?"